दोघांची वॅगन

नारायणगावात ओझर रस्त्याला आदेश शेटेचं आवार आहे. पत्र्याच्या कुंपणाआड कधी सहा, कधी आठ जुन्या गाड्या उभ्या असतात. साध्या जीपगाड्या त्याच्याकडे नसतात. लांब पाठीच्या, दोन्ही बाजूंना काचा असलेल्या, चारही चाकांना ताकद जाणाऱ्या स्टेशन वॅगन. कुठल्या तरी खात्यानं साठच्या दशकात घेतलेल्या, मग लिलावात निघालेल्या, मग कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन बसलेल्या. आदेश त्या शोधून काढतो, चालू करतो आणि शौकिनांना विकतो. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी व्हायला लागल्यापासून पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून फोन येतात.

या धंद्यात त्याचा हात चांगला बसला होता. दुधाच्या टँकरचे ड्रायव्हर, ट्रॅक्टरचे मिस्त्री, डीपीवर चढणारे वायरमन त्याला खबर देत. गाडी बघणं सोपं असतं, असं तो म्हणायचा. अवघड काम म्हणजे मालकाला गाडीपासून सोडवणं. त्यासाठी बोलावं लागतं, आणि बोलण्यात आदेश कमी पडत नसे.

पिंपरी पेंढारची खबर त्याला एका वायरमननं दिली. सावळेराम वेठेकर नावाच्या म्हाताऱ्याच्या कांदा साठवायच्या बराखीत, अर्ध्या भागात कांदा आणि अर्ध्या भागात विलीज स्टेशन वॅगन. आदेश दुसऱ्याच दिवशी गेला. ताडपत्री बाजूला केली आणि तो गाडीभोवती दोनदा फिरला. १९६३ची गाडी. मूळ पेट्रोल इंजिन. बहुतेकांनी ते काढून कधीच डिझेल इंजिन बसवलेलं असतं, इथं कुणी स्क्रूही बदलला नव्हता. मागच्या दाराची काच शाबूत. फोर-व्हीलचा दांडा हातात घेतला तर सहज पडला. म्हणजे गाडी अधूनमधून चालू होत होती.

सावळेरामतात्या ऐंशीच्या घरातले, उंच, कमरेत थोडे वाकलेले. त्यांनी आदेशला बसायला बाज दिली, पाणी दिलं आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. आदेशला हे नवीन नव्हतं. तो तासभर कांद्याच्या भावाबद्दल बोलत बसला. शेवटी तात्या म्हणाले, "पावणं, गाडी माझ्या एकट्याची न्हाई. कागदावर माझं नाव हाय, पर गाडीचं बुक बहिरूकडं हाय. बहिरू रोकडे. निम्मी त्याची."

बहिरूनानांचं घर गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या मागे होतं. नाना अंगानं बारीक, हसऱ्या डोळ्यांचे. गाडीचं नाव काढल्यावर ते मोकळे झाले. धरणाच्या कामावरची ही गाडी चौऱ्याऐंशी साली लिलावात निघाली तेव्हा सावळेरामनं पैसे घातले आणि नानांनी हात घातला. नाना आधी त्याच खात्यात हंगामी ड्रायव्हर होते, गाडीचा नटबोल्ट ओळखत होते. निम्मं-निम्मं ठरलं. एकोणीस वर्षं दोघांनी ती चालवली. पावसाळ्यात घाटघरला एसटी बंद पडायची तेव्हा मीठ, रॉकेल, शाळेचे मास्तर, बाळंतिणी, सगळं ह्या गाडीतून जायचं. एकदा आहुप्याला देवराईजवळ गाडी चिखलात पोटापर्यंत रुतली. चाकाखाली टाकायला फांदी तोडावी तर देवराईतलं लाकूड कुणी तोडत नाही. "मंग सावळेरामनं अंगावरची घोंगडी काढून चाकाखाली घातली," नाना म्हणाले. "नवी घोंगडी. पावसात उघडा कुडकुडत उभा, अन् मला म्हनतो, बहिरू, चालव, तिच्यावरनं चालव."

गाडी द्याल का, असं विचारल्यावर मात्र त्यांचा चेहरा मिटला. "त्याला इचारा," ते म्हणाले. "गाडी त्याच्या दारात हाय."

बाहेर सोडायला नानांचा मुलगा रत्नदीप आला. तो जुन्नरला पोस्टात होता. त्यानं चालता चालता सांगितलं की नाना आणि तात्या बावीस वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

त्या वर्षी तात्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. नाना दोन दिवस पाहुणे आणत-पोचवत होते. पंगत बसली तेव्हा नाना नेहमीसारखे बसले. तात्यांच्या घरी ते रोजच जेवत असत, ओट्यावर, तात्यांच्या शेजारी. पण त्या दिवशी तात्यांच्या चुलत्यानं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि तुझं पान तिकडं बराखीमागं वाढलंय, असं सांगितलं. नानांनी तात्यांकडं बघितलं. तात्या चार हातांवर बुंदीची बादली घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि बादलीत बघत राहिले. नाना उठले, गाडीची किल्ली खुंटीला अडकवली आणि चालत घरी आले.

"तेव्हापासून बंद," रत्नदीप म्हणाला. "पण दसऱ्याला नाना बॅटरी घेऊन जातात. आमचा तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. सकाळी विहारात वंदना झाली की पांढऱ्या कपड्यांवरच जातात. बॅटरी जोडतात, गाडी चालू करतात, पंधरा मिनिटं चालू ठेवतात. तात्या हार घालतात, नारळ फोडतात. कुणी कुणाशी बोलत नाही. मग नाना बॅटरी काढून घरी येतात. त्या दिवशी त्यांना जेवण चांगलं जातं."

आदेशनं हे सगळं ऐकलं. त्याला काही कळलं नाही असं नव्हतं. पण गाडीची चेसी मागच्या बाजूनं गंजायला लागलेली त्यानं पाहिली होती. आणखी चार पावसाळ्यांत ती भंगारात जाईल, दोन म्हातारे जातील, आणि मुलं ती किलोवर विकतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. शिवाय वायनाडला चहाच्या मळ्यात हॉटेल चालवणारा एक मालक वर्षभर अशाच गाडीसाठी त्याच्या मागे लागला होता.

आठ दिवसांनी तो तात्यांकडं गेला आणि बाजेवर बसल्या बसल्या म्हणाला की नानांशी बोलणं झालं. नाना म्हणाले, आता ठेवून काय करायची, देऊन टाका.

तात्या कांदे निवडत होते. हातातला कांदा त्यांनी खाली ठेवला.

"असं म्हनला बहिरू?"

"हो."

"त्याच्या तोंडानं म्हनला?"

"हो, तात्या."

तात्या बराच वेळ गाडीकडं बघत बसले. मग म्हणाले, "त्याला नको झाली आसंल तर मी धरून काय करू. आन तुझा कागद." आदेशच्या पिशवीत फॉर्म तयार होते. तात्यांनी चष्मा लावून जिथं खूण केली होती तिथं सह्या केल्या.

तिथून आदेश थेट खाली विहारामागं गेला. तात्यांनी सही केली, असं त्यानं नानांना सांगितलं. हे खरं होतं. नानांनी फॉर्म हातात घेतला, सही ओळखली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. सावळेराम आपणहून तयार झाला का, एवढंच त्यांनी विचारलं. आदेश हो म्हणाला. नानांनी बायकोला हाक मारली. जानकाबाईंनी ट्रंक उघडून जुन्या पिवळ्या फडक्यात बांधलेलं बुक आणून दिलं आणि आत गेल्या.

किमतीवर दोघांपैकी कुणीही घासाघीस केली नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. आदेशला ते जाणवलं, पण त्यानं ते आपलं नशीब समजलं.

गणपती उठल्यावर गाडी न्यायची ठरली. आदेश ट्रेलर घेऊन सकाळीच पोचला. गाडी दोरानं ओढून चढवायची त्याची तयारी होती, पण रत्नदीपच्या मोटारसायकलवर मागे मांडीवर बॅटरी घेऊन नाना आले. कुणाकडं न बघता ते बराखीत शिरले. बॅटरी जोडली, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतलं, चपला बाहेर काढून अनवाणी आत बसले. तिसऱ्या फेरीला इंजिन लागलं. त्यांनी दांडा टाकून गाडी फोर-व्हीलमध्ये घेतली आणि ट्रेलरच्या फळ्यांवरून इतक्या हळू वर नेली की ट्रेलरचा ड्रायव्हर नुसता बघत राहिला. वर गेल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

तात्या ओट्यावर उभे होते. खाली उतरून ते आदेशजवळ आले. नाना चार पावलांवर चाकाला पाचर लावत होते, पण तात्या आदेशशीच बोलले.

"त्याला इचार, चहा घेनार का."

आदेशनं ते नानांना विचारलं. नानांनी ते आधीच ऐकलं होतं. तात्यांची सून ट्रे घेऊन दारात उभी होती. दोन कप, घरातले, कान असलेले, सारखे. बावीस वर्षांत तात्यांनी एवढं एकदाही विचारलं नव्हतं.

नानांनी हात पुसले. "सांग त्याला," ते म्हणाले, "गाडी व्हती तवर येत व्हतो. आता कशाला चहा."

तात्यांच्या तोंडाची कातडी हलली. आपण दोघांना काय सांगून बसलो आहोत हे त्या क्षणी आदेशच्या नीट ध्यानात आलं. तात्यांना वाटत होतं, गाडी नानांना नको झाली. नानांना वाटत होतं, तात्यांनी आपल्याला न विचारताच सही केली. दोघं एका हाकेच्या अंतरावर उभे होते. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. पण ट्रेलर भाड्याचा होता, ड्रायव्हर घाई करत होता, वायनाडच्या मालकाचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. आणि सांगितलं तर गाडी ट्रेलरवरून उतरवावी लागेल हेही त्याला माहीत होतं. त्यानं साखळ्या आवळल्या.

नाना बॅटरी काढायला विसरले. रत्नदीपनं आठवण करून दिली तर म्हणाले, राहू दे तिथंच.

दसऱ्याला काय झालं ते आदेशला नंतर कळलं. नाना सकाळी विहारात गेले, वंदना झाली, आणि बाकीची माणसं घरी गेल्यावरही ते तिथं सतरंजीवर बसून राहिले. दुपारी जानकाबाईंनी जाऊन त्यांना आणलं. तिकडं तात्यांनी बराखी झाडून घेतली होती, हार आणला होता. गाडी नाही हे त्यांना माहीत होतंच. संध्याकाळी त्यांनी तो हार म्हशीच्या गळ्यात घातला.

थंडी पडल्यावर नानांचं जेवण कमी झालं. डॉक्टर बदलून झाले, तपासण्या झाल्या, ठपका ठेवावा असं काही निघालं नाही. डिसेंबरात एका दुपारी बाहेर उन्हाला बसले होते ते बसल्या जागीच गेले.

आदेशला तिसऱ्या दिवशी वायरमनकडून समजलं. तो गेला. जाताना त्यानं ठरवलं होतं की पाच मिनिटं बसायचं आणि उठायचं. घरात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली नानांचा फोटो ठेवला होता. जानकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आदेशला ओळखलं. गाडी नीट हाय का, असं त्यांनी विचारलं. आदेशनं हो म्हणून सांगितलं. मग त्या आपणच बोलत राहिल्या. नाना शेवटी शेवटी फार बोलत नव्हते. एकच गोष्ट परत परत म्हणायचे.

"'सावळेरामनं मला इचारलं बी न्हाई.' एवढंच. गाडी गेल्याचं काय न्हाई वाटलं त्यास्नी. त्यानं एकदा तरी इचारायला पायजे व्हतं, म्हनायचे. माझ्या दारात येऊन."

पाच मिनिटं झाली तरी आदेशला उठता येईना. खाली सतरंजीकडं बघत त्यानं सगळं सांगितलं. आपण तात्यांकडं काय बोललो, नानांनी ते म्हटलंच नव्हतं, तात्यांनी सही का केली. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की रत्नदीपला पुढं सरकून ऐकावं लागलं. ऐकून झाल्यावर रत्नदीप उठला आणि बाहेर गेला. त्यानं मारलं असतं तर आदेशला बरं वाटलं असतं.

जानकाबाईंनी नानांच्या फोटोकडं बघितलं.

"हे मला कशाला सांगितलं?" त्या म्हणाल्या. "मी आता ह्याचं काय करू?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्यांना जाऊन सांग. सावळेरामभावजींना. ते हायेत अजून. एकाला तरी कळू दे."

तात्या बराखीतच होते. जिथं गाडी असायची तिथं आता कांदा पसरला होता आणि ते त्यातला सडका वेगळा काढत होते. नाना गेल्याचं त्यांना कळलं होतं. मातीला ते गेले होते, पण स्मशानाच्या रस्त्यावर लिंबाखाली थांबून परत आले होते. आदेश उभ्यानंच बोलला. तात्यांनी मध्ये अडवलं नाही.

"म्हंजे तो दे म्हनला न्हवता?"

"नाही. तुम्हाला विचारा म्हणाले होते."

"मला इचारा म्हनला." तात्यांनी ते शब्द पुन्हा उच्चारले. "अन् मी काय समजलो. त्या दिशी चहा नको म्हनला, तवा मी म्हनलं, बघा, गाडी सुटली अन् ह्याला मोकळं वाटलं. तीन महिनं मी त्याच्यावर राग धरून बसलो, पोरा."

ते आदेशला शिव्या देतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, गाडी परत आणता येईल का. आदेशनं येतानाच रस्त्यात गाडी थांबवून वायनाडला फोन केला होता. वॅगनचं इंजिन काढून टाकलं होतं, तिला आकाशी रंग दिला होता आणि ती हॉटेलच्या दारात शोभेला उभी होती. पाहुणे तिच्यापाशी फोटो काढत. मालक खुशीत होता. आदेशनं तात्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. आता काही लपवायचं त्याच्यात बळ उरलं नव्हतं.

"राहू दे," तात्या म्हणाले. "आनून तरी चालू कोन करनार."

निघताना मात्र त्यांनी आदेशला थांबवलं. रविवारी नानांचं पुण्यानुमोदन, श्रद्धांजलीचा कार्यक्रम, आहे असं त्यांनी ऐकलं होतं. पायांनी एवढं उतरायला होत नाही, आणि पोरांना सांगितलं तर ती कारणं विचारतील. नेशील का, असं त्यांनी विचारलं.

रविवारी आदेशनं त्यांना आपल्या गाडीतून नेलं. विहारासमोर मांडव घातला होता. तात्यांना बघून चार माणसं एकमेकांकडं बघायला लागली. रत्नदीपनं एक खुर्ची आणून फोटोच्या बाजूला, पहिल्या रांगेत ठेवली, आणि तात्यांना हाताला धरून बसवलं. आदेशकडं त्यानं बघितलं नाही. आदेश मागे मांडवाच्या खांबाजवळ बसला. वंदना सुरू झाली तेव्हा तात्यांनीही हात जोडले. त्यांना शब्द येत नव्हते, ते नुसते हात जोडून बसले.

मग एकेक जण उठून नानांबद्दल बोलू लागला. पोस्टातले एक साहेब बोलले, घाटघरहून आलेले एक निवृत्त मास्तर बोलले. नानांनी आपल्याला भर पावसात शाळेपर्यंत कसं पोचवलं ते सांगताना मास्तरांना हुंदका आला. त्यांच्यानंतर तात्या उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माईक पुढं केला तर तो त्यांनी घेतला नाही. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"बहिरू माझा भागीदार व्हता," ते म्हणाले. "एकोणीस वर्सं आमी एका गाडीत बसलो, एका फडक्यातली भाकर खाल्ली. माझ्या लेकीच्या लग्नात त्याला पानावरनं उठवला. उठवनारा माझा चुलता व्हता, पर मी तिथं हुतो. मी ऐकलं. मी काय बोललो न्हाई." थोडं थांबून ते म्हणाले, "बावीस वर्सं बोललो न्हाई."

आणखी काही सांगायचं असावं असे ते थोडा वेळ तोंड उघडं ठेवून उभे राहिले. मग बसले. पुढचा बोलणारा उठायला तयार होईना, तेव्हा कार्यक्रम चालवणाऱ्यानं शेवटची गाथा सुरू केली.

गाडीचं सगळं त्यांनी वगळलं होतं. सही, निरोप, आदेशचं खोटं, त्यातलं काहीच ते बोलले नाहीत. आदेशला उठता आलं असतं. उठून दोन वाक्यं बोलता आली असती. खांबाला धरलेला हात त्यानं सोडलाही होता. पण गाथा चालू झाली होती आणि सगळे हात जोडून उभे राहिले होते, तसा तोही राहिला.

माणसं पांगल्यावर तात्या जानकाबाईंसमोर गेले. त्या बायकांमध्ये बसल्या होत्या. तात्यांनी हात जोडले. जानकाबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि मायाही नव्हती.

"हे त्यास्नी ऐकायचं व्हतं, भावजी," त्या म्हणाल्या.

"व्हय," तात्या म्हणाले.

तात्यांच्या घरापाशी आदेशनं गाडीचं दार उघडून हात पुढं केला. तात्यांनी तो धरला नाही. काठी टेकत टेकत ते ओटा चढले आणि आत गेले. आदेश स्टिअरिंगवर बसून राहिला. फोन वाजला. मंचरजवळ कुणाच्या तरी मळ्यात एक लांब पाठीची गाडी पडून होती, मालक तयार होता, दुसरा कुणी यायच्या आत लवकर या, असं वायरमननं सकाळीच कळवलं होतं, आताचा फोन त्याचाच होता. आदेशनं तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.